कृतज्ञ कोण हाय?

उमरग्यात हायवेच्या कडेला ट्रस्टचं एक हॉस्पिटल आहे, तिथं मी नोकरी करतो. माझ्या टेबलावर पाटी आहे, 'आरोग्य संवाद अधिकारी'. ही पाटी वाचून पहिल्या वर्षात माझ्याकडे आले ते लोक असे: दोघं टेलिफोन कुठाय हे विचारायला, एक जण नवरा-बायकोचं भांडण मिटवून मिळेल का म्हणून, आणि एक म्हातारेबाबा, ज्यांचा सुनेशी संवाद तुटला होता. बाबांचं मी तासभर ऐकून घेतलं. त्या वर्षात पाटीला शोभेल असं माझ्या हातून तेवढंच एक काम झालं.

घरी अम्मीला तर हे काम कळतच नव्हतं. आमच्या घरात दखनी बोलतात. ती विचारायची, "डॉक्टर नहीं, कंपाउंडर नहीं, फिर तू हस्पताल में करता क्या रे?"

"लोगां को बीमारी के बारे में बताता, अम्मी."

"किसको?"

"सबको. मोबाईल पे."

"मेरे को तो कभी नहीं बताया."

अम्मीला कित्येक वर्षांपासून शुगर आहे. पण तिच्याकडे बटणांचा फोन, आणि माझी सगळी माहिती मोठ्या पडद्याच्या फोनसाठी. "तुमारे फोन में वो आताच नहीं," असं म्हणून मी चप्पल घालायचो आणि लोकांना शुगरबद्दल जागं करायला निघायचो.

माझी मूळ अडचण शाळेपासूनची. घरात दखनी, गल्लीत मराठी, आणि बाजारात मराठीत थोडी कानडी घोळलेली. अशात मी सातवीला मराठीत वर्गात पहिला आलो. गुरुजींनी मला बाकावर उभं केलं आणि बाकीच्यांना म्हणाले, "बघा, ह्याच्या घरात मराठी बोलत न्हाईत. आन् तुमी?" त्या दिवशी डोक्यात जे शिरलं ते चाळिशी उलटली तरी बाहेर आलं नाही. सोपा शब्द हाताशी असताना मी तो कधी वापरला नाही. पोरं 'आजारी पडलो' लिहायची, मी 'प्रकृती अस्वस्थ झाली' लिहायचो. पुढं मी एका पेपरला तालुक्याच्या बातम्या पाठवू लागलो, तेव्हा हायवेवर ट्रक उलटला की माझ्या बातमीत 'अवजड मालवाहू वाहन कलंडले' असं यायचं. ट्रस्टच्या लोकांनी मला कामावर घेतलं तेही 'ह्याची भाषा शुद्ध आहे' म्हणूनच. शुद्ध भाषेनं कुणाची जखम भरते का, हे त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

मग मला तीन दिवसांचं ऑनलाइन प्रशिक्षण मिळालं. तीन दिवसांत मी जेवढी साधनं शिकलो तेवढी माझ्या आजोबांनी जन्मभर सुतारकाम करून हाताळली नसतील. पोस्टर करायचं ॲप. महिनाभराच्या पोस्ट आज बसून लावून ठेवायचं ॲप, म्हणजे त्या आपापल्या दिवशी आपोआप जातात. क्यूआर कोड. रील. बोललेलं ऐकून खाली अक्षरं उमटवणारं यंत्र. आणि सगळ्यांत मला आवडलेलं म्हणजे आपोआप जाणारं उत्तर. कुणीही काहीही पाठवलं की आपण जेवत असू, झोपलो असू, तरी त्याला ताबडतोब उत्तर. शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं की माणसाला उत्तर मिळालं की त्याला बरं वाटतं. ते मी वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या.

पहिली मोहीम शुगरवाल्यांच्या पायांची होती. शुगर जुनी झाली की पायाची संवेदना जाते. खडा रुतला, चटका बसला, तरी कळत नाही. दुखत नाही म्हणून माणूस थांबतो, आणि जखम आतल्या आत वाढते. आमच्या डॉक्टरांकडे अशी माणसं फार उशिरा यायची, म्हणून त्यांनी मला पोस्टर करायला सांगितलं. मी दोन दिवस खपून ते केलं. वर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'मधुमेहींसाठी पादनिगा: एक आत्मीय आवाहन'.

ड्रेसिंग रूमच्या इन्चार्ज सिस्टर मूळच्या मुरुमकडच्या. जखमा बांधण्यात त्यांची तीस वर्षं गेली. त्या रांगेतल्या लोकांसमोर पोस्टरपुढं उभ्या राहिल्या आणि मोठ्यानं वाचलं.

"भाई, हे काय लावलंय?"

"पायांची निगा, सिस्टर. पाद म्हणजे पाय. संस्कृत आहे."

"संस्कृतात पाय असंल. उमरग्यात पाद म्हंजे काय, तुमाला म्हाईत न्हाय व्हय?"

तोवर रांगेतल्या निम्म्या लोकांनी तोंडाला रुमाल लावले होते. मी हट्टानं ते पोस्टर दोन दिवस तसंच ठेवलं. तिसऱ्या दिवशी त्याच्या खाली कुणीतरी पेननं लिहिलं होतं, 'गॅसच्या गोळ्या कुठं मिळतील?' मग मी ते काढून 'चरणसेवा' असं नवं केलं. सिस्टर म्हणाल्या, "आता तर देवाचंच झालं. नारळ फोडायची जागा दाखवून ठिवा." शेवटी 'पाय सांभाळा' वर तडजोड झाली. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यांत दरिद्री वाक्य आहे असं मला तेव्हा मनापासून वाटलं.

रीलची गोष्ट त्याहून बरी नव्हती. मी फोन स्टँडला लावून डॉक्टरांना उभं केलं. ते शांतपणे म्हणाले, "पायाला भेग पडली तर दुर्लक्ष करू नका." यंत्रानं ते ऐकून खाली अक्षरं उमटवली, 'पायाला बॅग पडली तर दुर्लक्ष करू नका.' मी न तपासता ते सोडून दिलं. रील धावलं. आमच्याकडं कधी न आलेली, येण्याची शक्यताही नसलेली लांबलांबची माणसं ते बघत होती आणि हसण्याची चिन्हं टाकत होती. त्या चिन्हांचा अर्थ मी 'आनंद' असा घेतला. महिन्याच्या बैठकीत मी ट्रस्टच्या मंडळींना वर चढत जाणारी रेघ दाखवली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सिस्टर कोपऱ्यात बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "ह्यातलं पाय दाखवायला कोन आलं का?"

मी म्हणालो, "सिस्टर, ही जाणीवजागृती आहे. तिचं फळ दिसायला वेळ लागतो."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि घड्याळ बघून ड्रेसिंगला निघून गेल्या.

आपोआप जाणारं उत्तर लिहायला मी एक अख्खी सकाळ घेतली होती. ते असं होतं: 'आपण साधलेल्या संवादाबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. आपला संदेश आमच्यासाठी मोलाचा आहे.' हॉस्पिटलच्या नंबराचा क्यूआर कोड मी एसटी स्टँडवर, मुरुमच्या बाजारात आणि दोन-तीन मेडिकलवर चिकटवला. लोक फोटो पाठवू लागले, बोलून रेकॉर्ड केलेले मेसेज पाठवू लागले. मी ते उघडत नसे. खोटं कशाला बोलू, उघडायची गरजच वाटत नसे. प्रत्येकाला उत्तर जात होतं. ॲप मला रोज सकाळी सांगायचं की काल इतके संवाद झाले. संवाद अधिकाऱ्याला आणखी काय पाहिजे?

मग एका मंगळवारी, ओपीडी भरलेली असताना, केसपेपर काढणाऱ्या बाईंनी एका तरुण बाईला माझ्या टेबलाकडं पाठवलं. अंगावर हिरवं लुगडं, हातात पडद्याला तडा गेलेला मोबाईल. मागं तिची सासू, एक पाय फडक्यात गुंडाळलेला, हातात काठी. मुरुमच्या पलीकडच्या वस्तीवरून दोघी टमटमनं आल्या होत्या. घरची मेंढरं होती, आणि सासू इतकी वर्षं त्यांच्या मागं चालत होती.

"कृतज्ञ कोन हाय?" सुनेनं विचारलं.

मला कळलं नाही. "कोण पाहिजे ताई?"

"कृतज्ञ. हितनंच मेसेज करतोय त्यो. दर बारीला 'आमी कृतज्ञ आहोत' म्हनतोय. सासूबाईचा पाय त्याला दाखवायचाय. त्याला सगळं सांगून ठिवलंय म्या."

मला आधी हसू आलं. हे लिहिताना लाज वाटते, पण आलं. मी ओठ दाबून तिच्याकडून मोबाईल घेतला आणि वर सरकवत गेलो. हसू कधी गेलं ते आठवत नाही.

पहिला फोटो अंगठ्याशेजारच्या बोटाचा. छोटा फोड. खाली तिचा बोललेला मेसेज. तिनंच तो दाबला, आणि तो माझ्या टेबलावर, सगळ्या ओपीडीसमोर वाजला: "हालो, डागदर सायेब, सासूबाईच्या बोटाला फोड आलाय. दुखत न्हाय म्हनत्यात. शुगर हाय त्यास्नी. आनू का घरीच बघू? तेवडं सांगा."

त्याखाली माझं उत्तर. आम्ही कृतज्ञ आहोत.

दुसरा फोटो चार दिवसांनंतरचा. फोड फुटलेला, कडा पांढऱ्या. "सायेब, पानी याय लागलंय. शेजारनीनं बिब्बा घातलाय, चालतंय का? घरचे मेंढरामागं गेल्यात, गाडी करून यायचं म्हंजे दिस मोडतोय. तुमी या म्हनला तर येतो."

आपला संदेश आमच्यासाठी मोलाचा आहे.

तिसरा फोटो. बोट काळं. ह्या वेळी ती बोललीच नव्हती, नुसता फोटो होता. त्याच्या खाली आधी नेहमीचं उत्तर, आणि त्यानंतर मी महिन्याच्या सुरुवातीला लावून ठेवलेला, आपोआप गेलेला शुभसंदेश: 'आनंदी पाऊल, आनंदी जीवन!' सोबत हसरं तोंड काढलेलं गुलाबी पाऊल.

"कुठं हायत ते?" तिनं परत विचारलं.

अशा वेळी माणसाच्या तोंडून जे पहिलं निघतं तोच खरा माणूस, असं म्हणतात. माझ्या तोंडून निघालं, "ते आज रजेवर आहेत."

सिस्टरांनी फडकं सोडलं. वास पॅसेजपर्यंत आला. डॉक्टर आले, वाकून बघितलं, पायावर हात ठेवून नाडी तपासली. म्हणाले, पाय वाचेल बहुतेक, पण बोट काढावं लागणार. मी दारात उभा होतो. त्यांनी हात धुताना सहज विचारलं, "फोडावर असतानाच आणलं असतं तर ड्रेसिंग-गोळ्यांवर भागलं असतं. इतके दिवस का थांबल्या असतील?"

मी सांगितलं नाही. सिस्टरांनी माझ्याकडं एकदा बघितलं. त्यांनी मोबाईल बघितला होता.

दुसऱ्या दिवशी बोट काढलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी मी वॉर्डात गेलो. जाण्याआधी पॅसेजमध्ये तीन चकरा मारल्या, आणि मनात वाक्यं जुळवली. त्यात 'खेद', 'तांत्रिक त्रुटी' आणि 'दिलगिरी' हे शब्द होते. खाटेजवळ गेलो तर सून सासूला दशमी कुस्करून देत होती.

"ताई," मी म्हणालो, "तो कृतज्ञ म्हणून कुणी न्हाई."

"म्हंजे?"

"ते नाव नव्हं. आमी आभारी आहोत, असं लिहिलेलं होतं. लिहिलं मीच. पण एकदाच. पुढं मोबाईल आपलं आपण पाठवत होता."

"मग माझा मेसेज तुमी ऐकला न्हाय?"

"न्हाई."

"फोटू?"

"न्हाई."

"तिन्ही?"

"एक बी न्हाई."

तिनं हातातली वाटी खाली ठेवली. मला वाटलं आता ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळू म्हणाली, "मग तसं लिवायचं की हो. 'हितं कुनी न्हाय' म्हून. म्या दुसऱ्या दिशीच घिऊन आले असते. उत्तर आलं म्हून तर थांबले. म्हनलं मानूस हाय तिकडं, बघतोय, बोलवील."

माझ्याजवळ जुळवलेलं एकही वाक्य त्याला पुरलं नाही. "चुकलो ताई," एवढंच निघालं. शाळा सोडल्यापासून मी इतकं छोटं वाक्य बोललो नव्हतो.

सासूबाईंनी तोंडातला घास संपवला. त्या म्हणाल्या, "म्या हिला म्हनलं हुतं बाबा. येवडं ग्वाड बोलनारा मानूस काम करत नसतोय." मग पायाकडं बघून म्हणाल्या, "नऊ हायती अजून. मेंढरामागं चालाया बास झाली." आणि सुनेला सांगितलं, "दे त्याला पानी. त्याचंच त्वांड वाळलंय."

ही गोष्ट सिस्टरांनी लपवून ठेवली नाही. आठवड्याभरात वॉर्डबॉयपासून लॅबपर्यंत सगळे मला 'कृतज्ञभाई' म्हणायला लागले. मी ते ऐकून घेतलं.

वॉर्डात गेलो त्याच दिवशी संध्याकाळी घरी आलो तेव्हा अम्मी अंगणात बसून सुपात तूर निवडत होती. मी तिच्यापुढं खाली बसलो आणि तिचा पाय हातात घेतला.

"क्या कर रा रे?" ती दचकली. "पाँव कायकू पकडा? कुछ तोड-फोड करके आया क्या?"

"देखने दो, अम्मी."

उजव्या टाचेला करंगळी जाईल एवढी भेग होती. आत माती बसलेली. मी विचारलं, दुखतं का? "नक्को पूछ, कुछ नहीं दुखता," ती अभिमानानं म्हणाली. दुखत नाही म्हणजे बरं आहे, असं तिला वाटत होतं. दुखत नाही म्हणजे वाईट आहे, हे मी वर्षभर जगाला सांगत होतो, फक्त माझ्या अंगणात सांगायचं राहिलं होतं. दुसऱ्या दिवशी तिला सिस्टरांकडं नेलं. सिस्टरांनी टाच साफ करून बांधली, आणि तिच्यादेखत मला जे बोलल्या ते मी इथं लिहीत नाही. अम्मीला मात्र त्या फार आवडल्या.

त्यानंतर मी हॉस्पिटलचा फोन घेऊन दुपारी ड्रेसिंग रूममध्ये गेलो. सिस्टर डबा खात होत्या. म्हटलं, "हे सगळे मेसेज ऐकायचेत. एकट्यानं ऐकायची हिंमत होत नाही."

"लावा," त्या म्हणाल्या.

चार दुपारी लागल्या. किती तरी माणसं त्या फोनात अडकून बसली होती. एक बाई विचारत होती, इन्शुलिनची बाटली माठाजवळ ठेवली तर चालेल का, कारण घरात फ्रिज नाही. एका ट्रक ड्रायव्हरला विचारायचं होतं, क्लचवर पाय सारखा बधिर होतो, ते गाडीमुळं की शुगरमुळं. एकानं आपल्या मेव्हण्याला पाठवायचं गाणं चुकून आम्हाला पाठवलं होतं, आणि त्यालाही मी कृतज्ञतेचं उत्तर दिलं होतं. एका म्हाताऱ्याचा मेसेज नुसता 'हालो, हालो, कोन हाय का?' एवढाच होता, मागं बोकड ओरडत होता. तोच बोकड घेऊन पाच मेसेज होते.

सिस्टर जेवता जेवता थांबायच्या आणि म्हणायच्या, "हिला आत्ता फोन करा," किंवा "हे उद्या चालंल." ज्यांना बोलवायचं होतं त्यांना बोलवलं. आणखी कुणाचं बोट काढावं लागलं नाही. ह्यात माझी हुशारी नाही, नशीब आहे. बाकीच्यांना सिस्टरांनी फोन तोंडाजवळ धरून बोलूनच उत्तरं दिली. माठाजवळ ठेवणाऱ्या बाईला त्यांनी सांगितलं, "माठाजवळ न्हवं बाई, ओल्या वाळूत छोटं मडकं ठिवा, त्यात बाटली पिशवीत घालून ठिवा, आन् ऊन लागू दिऊ नका." मी हे उत्तर लिहिलं असतं तर त्यात 'तापमान नियंत्रण' नक्की आलं असतं.

मी मध्ये एकदा त्यांना लिहून द्यायचा प्रयत्न केला. कागद पुढं केला, 'नमस्कार, मधुमेही बंधुभगिनींनो.' त्यांनी तो हातानं बाजूला सारला आणि फोनात म्हणाल्या, "ऐका बायांनो. चप्पल घालायच्या आधी आत हात घालून बघत जावा. खडा असतोय, काटा असतोय, तुमाला कळत न्हाय. रातीच्याला पाय धुतले की लेकाला न्हायतर सुनंला तळवा बघाया लावा. लाजू नका." पाऊण मिनिटाचा तो मेसेज. मग त्यांनी तोच कानडीत म्हटला, कारण आमचे निम्मे पेशंट सीमेपलीकडून येतात. दखनीतला मात्र अम्मीनं म्हटला. ती तयारच होत नव्हती, मग एकदा सुरू झाली ती थांबेना. त्यात पायापेक्षा माझ्या लहानपणाच्या तक्रारी जास्त होत्या. त्या कापाव्या लागल्या.

ते पाठवायला बसलो तेव्हा माझा आणखी एक पराक्रम उघडा पडला. अणदूरकडच्या एक आशाताई, म्हणजे गावातल्या आरोग्य कार्यकर्त्या, काही कामानं आल्या होत्या. मी त्यांना म्हणालो, तुम्हाला माझे मेसेज रोज मिळतातच. त्या म्हणाल्या, "कंचे मेसेज?" त्यांनी फोन दाखवला. एकही नव्हता. शोधता शोधता कळलं की यादीवर पाठवलेला मेसेज ज्यानं आपला नंबर आपल्या फोनात साठवला असेल त्यालाच पोचतो. प्रशिक्षणात सांगितलं असणार. मी त्या वेळी दोन रेघा मारत असेन. म्हणजे इतके महिने मी पहाटे सुविचार, दुपारी आहार आणि सणावाराला शुभेच्छा भिंतीला पाठवत होतो. ज्या थोड्यांनी नंबर साठवला होता त्यात ती मेंढरांच्या घरची सून होती. तिनं क्यूआर कोड बघितला, नंबर साठवला, फोटो उजेडात काढले, नीट सांगितलं. त्या सगळ्या साधनांमध्ये सांगितल्याप्रमाणं वागणारी ती एकटीच निघाली.

मग आशाताईंनी गावोगाव बायकांच्या फोनात नंबर साठवून दिला. आपोआप जाणारं उत्तर मी बंद करणार होतो, पण सुनेनं सांगितलं ते डोक्यात होतं. ती सासूच्या ड्रेसिंगला यायची तेव्हा तिला विचारून नवं लिहिलं: 'हा मेसेज मशीनचा आहे. आत्ता इथं कुणी बघत नाही. सिस्टर दुपारी ऐकतात. पायाला जखम असेल तर उत्तराची वाट बघू नका, सरळ या.' तिनं दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाली, "आता कळतंय."

पुढच्या बैठकीत माझी रेघ खाली आलेली होती. बॅगवालं रील मी काढून टाकलं होतं आणि सिस्टरांचा आवाज मोजायची सोय ॲपमध्ये नव्हती. ट्रस्टच्या एका सदस्यांनी काळजीनं विचारलं, काही अडचण आहे का? मी एक साधा कागद वाचून दाखवला: कुणी काय विचारलं, त्याच दिवशी उत्तर गेलं का, गेलं नसेल तर का नाही. ह्या वेळी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पण डॉक्टरांनी तो कागद मागून घेतला.

सासूबाईंची जखम भरायला बरेच आठवडे गेले. पायाला मऊ तळाची चप्पल करून दिली. त्या आता पूर्ण माळ तुडवत नाहीत, वस्तीजवळच्या कोकरांपुरतं बघतात. सून अजून अधूनमधून पायाचा फोटो पाठवते, आणि मी तो मोठा करून चारी बाजूंनी बघतो.

मी सुधारलो, असं लिहून थांबायला आवडलं असतं. पण मध्ये एक जण मशीनचा आवाज विकायला आला. आपण लिहून द्यायचं, मशीन बाईच्या आवाजात बोलतं, दमत नाही, डबा खात नाही. मला मोह झाला. मी म्हणालो, ट्रायल घेऊ. सिस्टरांनी ते ऐकलं आणि म्हणाल्या, "ही बाई आजारी हाय काय? जेवाय घाला तिला आधी." ट्रायल तिथंच संपली. मात्र त्याचंच दुसरं एक साधन ठेवून घेतलं. ते बोललेले मेसेज ऐकून त्यांची लेखी यादी करतं आणि विषयवार लावतं. सकाळी यादी दिसली की कुणाला आधी ऐकायचं ते ठरवता येतं. खरंच उपयोगी आहे, फक्त त्याच्यावर विसंबायचं नाही.

परवा त्यानं एक मेसेज 'सौंदर्य' ह्या विषयाखाली टाकला होता. लिहिलं होतं, 'पाय कुरूप झाला आहे.' मी ऐकला तर उमरग्याजवळच्याच एका गावचे बाबा सांगत होते, "पायाला कुरूप झालंय. शुगर हाय. टोचतंय लई, आज काढून टाकतो." मी लगेच फोन लावला.

"बाबा, कुरूप कापू नका. ब्लेड लावू नका. उद्या सकाळी इकडं या, सिस्टर काढतील."

"आसं म्हनता?" बाबा म्हणाले. "ब्लेड आनलंय की. पानी बी तापाय ठिवलंय चुलीवर."

"त्या पाण्याचा च्या करा, बाबा."

ते हसले. फोन तसाच ठेवून त्यांनी आत हाक मारलेली मला ऐकू आली, "आगं, पत्ती टाक त्यात."